ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो पाहायला घरच्यांसोबत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडायला लागली की ओळखीपाळखीतले लोक विचारायला लागतात. फ्लेमिंगो आले का? मुलांना घेऊन कुठे जायचं? आईला बोटीत चढता येईल का? ऐरोलीची खाडी ही ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांच्या अगदी दारात असलेली जागा आहे, आणि तिथल्या केंद्रातून बोटीने पक्षी बघायला जाता येतं. तरी बरेच जण एकदा चुकीच्या वेळी जातात, रिकामी खाडी बघून परत येतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. तसं होऊ नये म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

फ्लेमिंगो नेमके कधी येतात? दिवाळीच्या सुट्टीत दिसतील का?

दिवाळीत जाऊ नका. तेव्हा दिसले तर थोडेफार दिसतील, आणि मुलांना हजारोंचा थवा बघायचा असतो. रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात. गुजरातकडे पाऊस चांगला झाला असेल आणि तिथली तळी उशिरापर्यंत भरलेली असतील, तर इथे यायलाही त्यांना उशीर होतो. जानेवारी ते मार्च हा घरच्यांसोबत जायचा खरा काळ. हवा बरी असते आणि पक्षीही भरपूर असतात. एप्रिल-मेमध्येही ते खाडीत असतात, पण तेव्हा उघड्या बोटीत ऊन सहन होत नाही. वार्षिक परीक्षा संपल्यावरच जमणार असेल तर सकाळी लवकरची वेळ मिळते का ते बघा. पाऊस तोंडावर आला की ते निघून जातात.

रविवारी सकाळी नऊला गेलं तर चालेल ना?

या प्रश्नाचं उत्तर रविवारवर अवलंबून नाही, पाण्यावर आहे. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे मात्र नीट वाचा.

रोहित खातात चिखलात. ओहोटीला पाणी मागे सरलं की खाडीच्या दोन्ही अंगांना चिखलाची मोठी मैदानं उघडी पडतात. त्या ओल्या, उथळ जागेत ते चोच बुडवून तासन् तास चरतात. भरती आली की ही मैदानं पाण्याखाली जातात. मग पक्ष्यांना उभं राहायलाही जागा उरत नाही, आणि ते उडून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात. पाणी उतरायला लागलं की परत येतात. दिवस असो वा रात्र, त्यांचा दिनक्रम असा भरती-ओहोटीने बांधलेला आहे.

आता बोटीचं बघा. बोटीला तरंगायला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल लागतो. पूर्ण भरतीला गेलात तर बोट छान चालेल, पण पक्षी नसतील. पूर्ण ओहोटीला पक्षी असतील, पण बोट त्यांच्या आसपासही पोहोचणार नाही. हवी असते ती मधली वेळ : पाणी उतरायला लागलेलं, चिखल नुकता दिसू लागलेला आणि बोटीपुरतं पाणी अजून शिल्लक असलेलं. म्हणूनच ऐरोलीच्या केंद्रातल्या बोटींच्या वेळा रोज बदलतात. त्या आपल्या सोयीने ठरत नाहीत, पाण्याप्रमाणे ठरतात.

रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आठवड्याभरात हा फरक जवळपास सहा तासांचा होतो. म्हणजे या रविवारी दुपारी बाराला भरती असेल, तर पुढच्या रविवारी बाराच्या सुमाराला ओहोटी असेल. शेजारी मागच्या रविवारी नऊला गेले आणि त्यांना भरपूर पक्षी दिसले, म्हणून आपणही या रविवारी नऊलाच निघालो तर नेमका उलटा अनुभव येतो. आधी भरतीची वेळ बघायची, मग तिला जुळणारी सुट्टी शोधायची. हा क्रम उलटा करू नका.

भरतीची वेळ आम्हाला कशी कळणार?

पंचांगात आणि भिंतीवरच्या अनेक दिनदर्शिकांमध्ये भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या असतात. मोबाइलवरही मिळतात. पण घरात आजी किंवा आजोबा कोकणातले असतील तर त्यांना विचारून बघा. किनाऱ्यावरच्या माणसांना तिथीवरून भरती काढता येते. तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे तीच वेळ दुपारीही आणि पहाटेही, थोड्या फरकाने. हा हिशोब ढोबळ आहे, मिनिटाचा नाही, पण सहल ठरवायला पुरतो. खाडीत आतपर्यंत पाणी पोहोचायला समुद्रकिनाऱ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, हेही लक्षात ठेवा.

मुलांना हे गणित करून दाखवाच. चंद्र, तिथी आणि समोरचं पाणी यांचा संबंध पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेला असतो. इथे स्वतः काढलेली वेळ डोळ्यांसमोर खरी ठरताना दिसते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी असतो. उधाणाच्या दिवसांत पाणी वेगाने बदलतं, म्हणून दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचा. पंधरा मिनिटांचा उशीरही तेव्हा महागात पडतो.

ऐरोलीला नेमकं आहे काय? हे अभयारण्य आहे की बाग?

दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य जवळपास १७ चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग कांदळवनाचा, म्हणजे खारफुटीच्या जंगलाचा, बाकीचा पाण्याचा. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात त्याआधी तो फक्त नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांना मिळाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलुंड-ऐरोली पुलाजवळ, ऐरोलीच्या बाजूला असलेलं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी संलग्न असलेल्या कांदळवन प्रतिष्ठानाकडे त्याचा कारभार आहे. माहितीचं दालन, कांदळवनातून जाणारी लाकडी पायवाट आणि बोटीचा धक्का हे सगळं तिथेच आहे. आपण जातो ते या केंद्रात, आणि तिथून बोट अभयारण्याच्या बाजूला नेते.

झोपाळे, घसरगुंडी, कारंजं अशी अपेक्षा मनात असेल तर ती घरीच ठेवा. मुलांनाही आधी सांगून ठेवा की आपण बागेत नाही, खाडीवर चाललो आहोत.

कसं जायचं?

लोकलने सोपं आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी, नेरूळ किंवा पनवेल गाडी पकडा. कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी ठाण्याला बदलायचं. पनवेल, खारघरकडून ठाण्याची थेट गाडी ऐरोलीवरूनच जाते. ऐरोली स्टेशनातून रिक्षा करा. फ्लेमिंगोची बोट किंवा ऐरोली पुलाजवळचं खाडीचं केंद्र असं सांगितलं की कळतं. मुलुंडहून गाडीने येणार असाल तर पूल ओलांडल्यावर लगेच आहे, पण सुट्टीच्या दिवशी पुलावरची गर्दी धरून निघा. बोट आपल्यासाठी थांबत नाही. थांबलीच तर तेवढ्यात पाणी उतरतं.

बोटीचं तिकीट तिथे गेल्यावर मिळेल का?

त्या भरवशावर कुटुंबाला घेऊन जाऊ नका. आधी ऑनलाइन आरक्षण करा. हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा काढता आली तर फार बरं, गर्दी कमी असते आणि बोटीतल्या गप्पाही कमी असतात. दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून निघायच्या आधी ताज्या वेळा तपासा. फेरी साधारण तासाभराची धरून चाला.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना झेपेल का?

बोटीत बसणं झेपतं. खाडीत समुद्रासारख्या लाटा नसतात, बोट फारशी हलत नाही, मळमळण्याची भीती जवळपास नाही. अडचण येते ती चढण्या-उतरण्याची. धक्का जागेवर असतो आणि बोट पाण्याबरोबर खालीवर होत असते, त्यामुळे कधी पाऊल सहज पडतं तर कधी मोठी पायरी उतरावी लागते. गुडघेदुखी असेल तर आधीच तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. ते हात देतात, सगळ्यात आधी किंवा सगळ्यात शेवटी बसवतात. साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा सैलसर कपडे घातले तर सासूबाईंना, आईला जास्त सोपं जाईल. चपलेला मागे पट्टा हवा.

बोटीत स्वच्छतागृह नसतं. ज्येष्ठांना आणि मुलांना केंद्रातच जाऊन यायला सांगा. हे सांगायचं राहून गेलं तर तो तासभर फार लांबतो.

ज्यांना चढणं जमणारच नाही त्यांना घरी ठेवून जाऊ नका. खाली सीवूड्सबद्दल लिहिलं आहे, ते वाचा.

लहान बाळाला बोटीत न्यावं का?

तान्ह्या बाळाला नको. उन्हाला आडोसा नसतो आणि बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळेलच असं नाही. चार-पाच वर्षांपुढच्या मुलांना जरूर न्या. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पट्टे आवळून, फेरी संपेपर्यंत. मूल कुरकुरलं तरी काढू देऊ नका. आई-बाबांनी आधी स्वतः घातलं की मुलं फार हट्ट करत नाहीत.

बोटीत चढायचं नाही, किंवा आरक्षणच मिळालं नाही. तरी फ्लेमिंगो दिसतील का?

हो, आणि कधीकधी बोटीतून दिसतात त्याहून जवळ दिसतात. भरतीच्या वेळी पक्षी विश्रांतीला कुठे जातात ते वर सांगितलं. त्या जागा म्हणजे सीवूड्स आणि नेरूळच्या परिसरातली पाणथळं : टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची, एनआरआय संकुलाजवळची आणि डीपीएस शाळेशेजारचं तळं. सीवूड्स स्टेशनातून रिक्षाने जाता येतं.

इथे वेळेचा हिशोब उलटा करायचा. बोटीसाठी उतरतं पाणी हवं, इथे भरती भरत आलेली हवी. पूर्ण भरतीच्या तासभर आधी जाऊन शांत उभं राहिलं की खाडीकडून एकेक रांग उडत येते आणि समोर उतरते. उडताना पंखांच्या आतला गडद गुलाबी आणि काळा रंग उघडतो, तो उभ्या पक्ष्यात दिसत नाही. आजी-आजोबांसाठी घडीची खुर्ची सोबत न्या. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने इथूनच सुरुवात करावी आणि बोट पुढच्या खेपेला ठेवावी.

या जागांना तिकीट नाही, पहारा नाही, म्हणून आपली जबाबदारी जास्त आहे. पाण्याच्या कडेपर्यंत जाऊ नका. याच जागांवर खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या की तळं आटतं किंवा कुजतं, आणि पक्षी येईनासे होतात. त्या वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून नवी मुंबईतले रहिवासी वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. मुलांना हेही सांगा. समोरचा थवा आपोआप टिकलेला नाही.

खाडीला इतका वास का येतो? मुलं नाक मुरडतात.

दोन कारणं आहेत आणि दोन्ही मुलांना खरी सांगावीत. कांदळवनाच्या चिखलात हवा जवळपास नसते. तिथे पानं कुजताना हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो, सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. हा खाडीचा स्वतःचा वास आहे, त्यात वाईट काही नाही.

दुसरा वास आपण दिलेला आहे. आजूबाजूच्या शहरांचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं या खाडीत येत आलं आहे.

मग इतक्या घाण पाण्यात फ्लेमिंगो कसे राहतात?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे खाडीत सूक्ष्म शैवाल खूप वाढतं, आणि धाकट्या रोहिताचं, म्हणजे इथे येणाऱ्या दोन जातींपैकी लहान जातीचं, मुख्य अन्न तेच. खाडी गाळाने उथळ होत गेली तशी चिखलाची मैदानंही वाढली. म्हणून ते इथे मोठ्या संख्येने येतात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मोजणीत काही हंगामांत हा आकडा एक लाखाच्या वर गेला आहे.

पण यावरून सांडपाणी चांगलं असा अर्थ कुणी काढू नये. शैवालाला खत पुरवणाऱ्या त्याच पाण्यातून जड धातू आणि रसायनंही येतात, आणि शैवाल खाणाऱ्याच्या पोटात ती जातात. मासे कमी होत गेल्याचं तर दिवे, ऐरोली, घणसोली, सारसोळे, करावे या गावांतली कोळी मंडळी कधीपासून सांगत आहेत. पक्षी दिसतात म्हणजे खाडी निरोगी आहे, असं मुलांना सांगू नका.

ते गुलाबी का असतात? आणि एका पायावर का उभे राहतात?

रंग खाण्यातून येतो. शैवालात आणि ते खाणाऱ्या छोट्या कोळंबीसारख्या जीवांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात. पिल्लं राखाडी असतात, त्यांना गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. थव्यात मळकट राखाडी पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान आहेत. हे कळल्यावर मुलं थव्यातली लहान मुलं शोधत बसतात.

एका पायावर उभं राहिलं की दुसरा पाय पिसांत राहतो आणि शरीराची ऊब कमी जाते. शिवाय त्यांच्या पायाची रचनाच अशी आहे की एका पायावर तोल सांभाळायला स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. आणि तो मागे वाकणारा गुडघा खरं म्हणजे घोटा आहे. गुडघा वर, पिसांमध्ये लपलेला असतो.

चोच उलटी करून खाण्याचं कारणही सांगा. डोकं खाली करून तो वरची चोच पाण्यात उपडी घालतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यांच्या चाळणीत अन्न अडकतं आणि पाणी निघून जातं.

मोठा आणि धाकटा रोहित ओळखायचे कसे?

चोच बघा. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. धाकट्याची जवळपास पूर्ण गडद, लालसर काळी. मोठा रोहित उंच, चार फुटांच्या आसपास किंवा जास्त, आणि अंगाने पांढुरका. धाकटा तीन फुटांच्या आत, पण रंगाने जास्त गुलाबी. ठाणे खाडीत धाकटेच जास्त असतात. जगभरात त्यांची स्थिती संकटाच्या उंबरठ्यावर मानली जाते, मोठ्या रोहिताला तेवढा धोका नाही.

ते अंडी इथे घालतात का?

नाही. त्यासाठी कच्छच्या रणासारखी उथळ, खारी, माणसांपासून दूर जागा लागते. तिथे ते चिखलाचे छोटे उंचवटे बांधतात आणि त्यावर सहसा एकच अंडं घालतात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांना उपग्रहाने माग काढणारी यंत्रं बसवली, तेव्हा पक्षी इथून गुजरातकडे गेल्याचं दिसलं. लांबचा प्रवास ते बहुतेक रात्री करतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून जवळपास चाळीस रोहित मेले, तेही रात्रीच्या वेळीच.

कांदळवनाच्या पायवाटेवर बघण्यासारखं काय? मुलं पाच मिनिटांत पुढे पळतात.

पळतात, कारण झाडांकडे बघतात. त्यांना खाली बघायला लावा.

चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी टोकं वर आलेली दिसतील. ती तिवराची श्वसनमुळं. चिखलात हवा नाही म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. एखाद्या पानाला जीभ लावून बघा असं मी मुलांना सांगत नाही, पण तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात का ते बघायला जरूर सांगते. झाड आत आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पांढरी चिप्पी दिसली तर ओळख करून द्या : २०२० मध्ये तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष घोषित केलं.

मग चिखल. एका जागी उभं राहून दोन मिनिटं हलायचं नाही, अशी पैज लावा. आधी काहीच दिसत नाही. मग बिळांतून एक-एक खेकडा बाहेर यायला लागतो. एका जातीच्या नराची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य असते, आणि तो ती हलवत मादीला बोलावतो. निवट्याही दिसतील, पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत चालणारा मासा. निवट्यांचं कालवण खाणारी घरं इथे आहेत, पण तो जिवंत असताना चालतो हे शहरातल्या मुलांना माहीत नसतं. हे सगळं ओहोटीला दिसतं, भरतीत चिखल झाकलेला असतो. त्यामुळे बोट भरतीच्या बाजूची असेल तर पायवाट फेरीनंतर करा.

कोल्हाही कांदळवनात राहतो. दिवसा दिसणं नशिबाची गोष्ट, पण चिखलातले पावलांचे ठसे शोधता येतात.

फ्लेमिंगो सोडून आणखी कोणते पक्षी?

बगळे, वंचक, शराटी, चित्रबलाक, शेकाट्या, कुरव, खंड्या, घारी आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या तुतारींचे थवे. मुलांना सगळी नावं पाठ करायला लावू नका. शेकाट्याचे लांब लाल पाय आणि खंड्याचा निळा रंग एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

दुर्बीण लागतेच का? मोबाइलवर फोटो येतील का?

दुर्बीण लागते. घरात नसेल तर मागून न्या. बोटीत ८ बाय ४२ अशी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण बरी, त्याहून मोठी हातात हलते. घरून निघण्याआधी मुलांना ती डोळ्यांना कशी जुळवायची ते शिकवा, नाहीतर फेरीतली पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.

मोबाइलवर पक्षी लांब गुलाबी रेघेसारखे येतात. एक-दोन फोटो काढा आणि मग मोबाइल खिशात ठेवा. ड्रोन अजिबात नको.

बोटवाल्या दादांना सांगून थवा उडवता येईल का? उडताना फोटो छान येतो.

नाही. हे कुणी सांगत असेल तर तुम्ही बोटीतच थांबवा.

हे पक्षी इथे खायला येतात आणि शेकडो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवतात. खायला वेळही मोजका मिळतो, ओहोटीपुरताच. आपण एकदा उडवलं की तो वेळ जातो आणि उडायची ताकदही जाते. दिवसभरात प्रत्येक बोटीने एकेकदा उडवलं तर काय होईल, ते मुलांनाच मोजायला सांगा. बोट दूर थांबवून, इंजिन बंद करून, गप्प बसलं की थवा चरत राहतो आणि त्यांचा आवाज ऐकू येतो. हजारो पक्ष्यांची ती सततची कलकल ऐकणं मला फोटोपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. थवा स्वतःहून उडतोच, पाणी बदललं की. तेव्हा बघा.

काय घालायचं, काय न्यायचं?

मातकट, फिके हिरवे, राखाडी कपडे. चमकदार लाल-पिवळे नकोत. टोपी दोरीची, वाऱ्यात उडते. पाणी प्रत्येकाची वेगळी बाटली. संध्याकाळी जाणार असाल तर पूर्ण बाह्या, कारण डास चावतात. परफ्यूम आणि छत्री दोन्ही घरी.

डबा नेला तर चालेल का?

न्या, पण बोटीत उघडू नका. पाण्यावर वाऱ्याने उडालेली एक पिशवी परत मिळत नाही. फेरीनंतर खायचं असेल तर कोरडं न्या, थालीपीठ, दशमी, चटणी, संत्री. वेफर्सची पाकिटं नेऊच नका. कांदळवनाच्या मुळांत अडकलेलं प्लॅस्टिक तुम्हाला तिथे दिसेलच, आणि ते बघून झाल्यावर मुलं पुढच्या वेळी स्वतःच डबा मागतात.

पावसाळ्यात केंद्र बघायला जावं का?

पक्षी नसतात आणि बोटीही बंद असतात. पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जा.

जखमी किंवा पडलेला फ्लेमिंगो दिसला तर काय करायचं?

हात लावू नका, पाणी पाजू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. त्याची चोच आणि पाय फार नाजूक असतात, आणि घाबरून धडपडला तर आणखी मोडतात. कुत्री-कावळे जवळ येत असतील तर तेवढे दूर ठेवा. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा आणि जागा नीट सांगा : कोणतं स्टेशन जवळ आहे, कोणत्या सोसायटीच्या मागे, पाण्यापासून किती अंतरावर. केंद्रात असाल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच बोलवा. मदत येईपर्यंत एका मोठ्या माणसाने तिथेच, थोडं लांब, उभं राहावं. भरती चढत असेल तर हेही फोनवर आवर्जून सांगा, कारण तासाभरात ती जागा पाण्याखाली गेलेली असू शकते.